ओळखा पाहू: पान नको, बेचकं बघा

भाचीच्या फोनवर एक फोटो होता. तपकिरी, खडबडीत काडीवर एक फुगलेली गाठ, तिचे खवले उकललेले आणि आतून पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी डोकावतंय. कडेला पुसटशी गुलाबी झाक. जेवणं झाल्यावर फोन घरभर फिरला. कुणी म्हणालं सुरवंट, कुणी कोळ्याचं घर, धाकट्याला मांजराचा पंजा वाटला. माझे मामा नुकतेच हात धुऊन आले होते. ओल्या हाताने फोन कसा धरायचा म्हणून त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "पोंगा आहे. दोन दिवसांत पान काढेल. उडद्या नाही ना दिसला कुठं?"

मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, फुगतात आणि उमलायच्या बेतात येतात, त्या अवस्थेला बागायतदार पोंगा म्हणतात. उडद्या नावाचा भुंगेरा नेमका हाच कोवळा डोळा पोखरतो, त्यामुळे त्या दिवसांत मामा सकाळ-संध्याकाळ ओळीओळीने हेच बघत फिरतात. आम्हाला कापूस दिसला, त्यांना पुढचा घड दिसला.

तेव्हापासून आमच्याकडे हा खेळ लागला. दर रविवारी एकाने झाडाच्या एखाद्या भागाचा अगदी जवळून काढलेला फोटो आणायचा, बाकीच्यांनी झाड ओळखायचं. दोन पावसाळे झाले आता. सुरुवातीला सगळे नुसते अंदाज ठोकायचो. हळूहळू कळलं की मामांना कुठे बघायचं ते माहीत होतं, एवढंच. आणि ते 'कुठे' शिकता येतं. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी तेच शिकतात, फक्त त्यांच्या पुस्तकातले शब्द जड असतात.

जवळून काढलेल्या फोटोत आपल्या सवयीच्या तीन खुणा आधीच निघून गेलेल्या असतात: झाड केवढं आहे, त्याची ठेवण कशी आहे आणि ते कुठे उगवलंय. एरवी आपण झाडं ओळखतो ती बहुतेक यांच्यावरच. पंचवटीत वड ओळखायला कुणी पान हातात घेत नाही, पारंब्या दिसल्या की झालं. पारंब्या काढून घेतल्या, आकारमान काढून घेतलं, की पंचाईत होते.

दसऱ्याचंच बघा. बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकायला येतात. दोन्ही पानं मध्ये दुभंगलेली, गुरांच्या खुरासारखी. हातात घेतली तर फरक कळतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त; कांचनाचं चांगलं मोठं. पण दोन्ही फोटो पडदाभर करून शेजारी ठेवले की लहान-मोठं हा भेदच संपतो आणि भलेभले चुकतात. म्हणून आमच्या खेळातला पहिला नियम आईने घालून दिला: फोटोत काडेपेटीतली एक काडी ठेवायची. मग पान केवढं ते कळतं आणि कोडं अन्यायाचं होत नाही.

मग उरतं काय? रंग आणि पानाचा आकार, असं पटकन वाटतं. दोन्ही फसवतात. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कुठल्याही पडीक जागेत घाणेरी असते, टणटणी म्हणतात तीच. तिचा एक गुच्छ जवळून बघा. मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. झाड एकच, गुच्छही एकच. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं आणि वय वाढेल तसा रंग बदलतो. कुठल्या फुलात अजून मध मिळेल हे कीटकांना त्या रंगावरून उमगतं. म्हणजे एकाने पिवळ्या फुलाचा फोटो आणला, दुसऱ्याने गुलाबी फुलाचा, तर दोन वेगळी झाडं समजून दोघं तासभर वाद घालतील. पानाचंही तसंच. एकाच झाडाची उन्हातली पानं लहान आणि जाड असतात, सावलीतली मोठी आणि पातळ. पान म्हणजे झाडाची चूल. जसं ऊन, जसं पाणी, तसं ते बदलणारच.

जोडणी मात्र सहसा बदलत नाही. पान खोडाला कसं जोडलंय, डोळा कुठे बसलाय, फुलातल्या भागांची मांडणी कशी आहे, हा आराखडा वंशाकडून आलेला असतो. सावलीत वाढलं म्हणून तुळशीचं चौकोनी खोड गोल होत नाही, आणि तिची समोरासमोरची पानं एकाआड एक होत नाहीत. कार्ल लिनियसने १७३५ साली पुंकेसर मोजून सगळ्या वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. नुसत्या मोजणीमुळे कुणाची कुणाशी सोयरीक नसलेली झाडंही एका पंगतीत बसली आणि ती पद्धत पुढे मागे पडली. पण बघायची जागा त्याने बरोबर हेरली होती.

आमच्या घरात आता फोटो आला की पहिला प्रश्न एकच असतो: बेचकं दाखव. पान आणि खोड जिथे मिळतात तो कोपरा. पुस्तकात त्याला पर्णकक्ष म्हणतात, आणि जिथून पान फुटतं त्या गाठीला पेर.

वेलींमध्ये ही गोष्ट सगळ्यात छान दिसते. आधाराला धरायला वेली जो दोरा काढतात, त्याला कुणी ताणा म्हणतं, द्राक्षवाले बाळी म्हणतात. सगळे दोरे सारखेच दिसतात, पण ते फुटतात कुठून ते बघा. द्राक्षाची बाळी पानाच्या बरोबर समोर, पेराच्या दुसऱ्या बाजूने निघते. काकडी, कारलं, दोडका यांचा ताणा देठाच्या शेजारून. कृष्णकमळाचा थेट बेचक्यातून. वाटाण्याचं पान संयुक्त, म्हणजे अनेक छोट्या पर्णिकांचं मिळून एक; त्यातल्या टोकाच्या पर्णिकाच ताणे झालेल्या असतात. त्र्यंबककडच्या रानात घोटवेल असते, तिचे ताणे देठावरूनच जोडीने निघतात. आणि पावसाळ्यात डोंगरउतारावर कळलावी फुलते, तिच्या तर पानाचं टोकच वळून आधाराला विळखा घालतं. सहा तऱ्हेच्या वेली आणि दोऱ्याच्या सहा जागा. फूल दाखवायची गरजच नाही.

द्राक्षाच्या बाळीत आणखी एक गंमत आहे. युरोपी वंशाच्या द्राक्षात, म्हणजे आपल्या थॉमसनसारख्या वाणांत, सलग दोन पेरांवर बाळी येते आणि तिसरं पेर मोकळं राहतं. मग पुन्हा दोन, पुन्हा एक मोकळं. मोजून बघा, पटेल. आणि काडीच्या खालच्या भागात ज्या जागेवर बाळी असायची, तिथेच घड लागतो; तोही पानाच्या समोरच. कारण घड आणि बाळी मुळात एकच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीवर जे डोळे तयार होतात, त्यांच्या आत पुढच्या हंगामाचा घड आकार धरतो. सुरुवातीला तो निव्वळ एक बारीक गोळा असतो. त्याचं काय व्हायचं हे ठरलेलं नसतं. काडीला ऊन लागलं, अन्नसाठा नीट झाला तर घड. ढगाळ हवा राहिली, पानांची गर्दी होऊन डोळ्यावर सावली पडली, तर बाळी. कधीकधी अर्धवट राहतं, आणि बाळीच्या एका फाट्याला दोन-तीन मणी लटकलेले सापडतात. मामांनी तसा एक फोटो पाठवला होता. आम्ही सगळे गप्प. ते म्हणाले, "घड व्हायचा राहून गेला हा." एवढ्याशा फोटोत मामांचं अख्खं वर्ष होतं, आणि त्या दिवशी खेळ तिथेच थांबला.

बाळी आधाराला गुंडाळली गेली की तिचा स्प्रिंगसारखा पीळ होतो. तोही जवळून बघा. अर्धी बाळी एका दिशेने वळलेली, अर्धी उलट्या दिशेने, आणि मध्ये एक सरळ तुकडा. दोन्ही टोकं बांधलेली असली की एकाच दिशेने पीळ घालता येत नाही. जेवढे वेढे उजवीकडे, तेवढेच डावीकडे द्यावे लागतात, नाहीतर दोरा मुरगळून तुटेल. चार्ल्स डार्विनने वेलींवर १८६५ साली मोठा निबंध लिहिला, त्यात या उलटसुलट पिळाची चर्चा आहे. वारा आला की हा पीळ ताणतो, वारा ओसरला की आखडतो, आणि वेल जागेवर राहते.

बेचकं कळलं की दुसरं एक जुनं कोडंही सुटतं: समोर दिसतंय ते एक पान की पानांची डहाळी? कडुनिंबाची 'काडी' आपण तोडतो, तिला दोन्ही बाजूंनी वाकडी, दातेरी पानं असतात. खरं तर ती अख्खी काडी म्हणजे एक पान, आणि आपण ज्यांना पानं म्हणतो त्या पर्णिका. पडताळा सोपा आहे. डोळा फक्त पानाच्या बुडाशी असतो. कडुनिंबाच्या काडीच्या बुडाशी, जिथे ती फांदीला चिकटते तिथे डोळा सापडेल. एकेका पर्णिकेच्या बुडाशी कधीच सापडणार नाही.

आता भुईआवळा घ्या. पावसाळ्यात अंगणात, कुंड्यांत आपोआप उगवतो. वरून बघाल तर चिंचेच्या पानासारखं दिसतं आणि सगळे त्याला संयुक्त पान समजतात. ते उलटं करा. प्रत्येक चिमुकल्या पानाच्या बुडाशी एक हिरवा मणी लोंबत असतो. फूल आणि फळ पर्णिकेच्या बेचक्यात येत नाही, म्हणजे ती प्रत्येक टिकली एक स्वतंत्र पान आणि ती सगळी मिळून एक डहाळी. भाचीने हा फोटो खालून काढून आणला तेव्हा मी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. लहानपणापासून पायाखाली असलेली वनस्पती.

वड, पिंपळ, उंबर यांची खूणही पेरावरच आहे. यांच्या कोवळ्या शेंड्यावर एक टोकदार टोपी असते. ती उपपर्णांची, म्हणजे पानाच्या बुडाशी येणाऱ्या पानासारख्या छोट्या भागांची; ती आतल्या कोवळ्या पानाला झाकते. पान बाहेर आलं की टोपी गळते आणि डहाळीभोवती एक वळं उमटतं, बोटातल्या अंगठीसारखं. फणसालाही ते असतं. वळं आहे आणि पान खुडल्यावर दूध आलं, तर याच घराण्यात शोधायचं, हे जवळजवळ पक्कं.

उंबराचं फूल आपल्याकडे म्हणीपुरतंच उरलंय. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. ते दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. फळ म्हणतो ती खरं तर आतून फुलांनी भरलेली बंद पिशवी. हिरवं, कच्चं उंबर मधोमध कापा आणि फोटो काढा. आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली दिसतात. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी मिटलेलं एक भोक असतं. तिथून इवल्याशा गांधीलमाश्या आत शिरतात आणि परागीकरण करतात. हा फोटो आजवर आमच्याकडे कुणालाच पहिल्या फटक्यात ओळखता आलेला नाही. एकाने गालिचा म्हटलं होतं.

फुलांच्या बाबतीत मला सर्वांत आवडतं ते रुईचं फूल. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात तीच रुई. रस्त्याच्या कडेला उभी असते, कुणी थांबत नाही. पाच जाड, मेणासारख्या पाकळ्या आणि मध्ये पाच कोनांचा मुकुट. या मुकुटात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकमेकांत जुळून एकच खांब झालेला असतो. परागही इतर फुलांसारखे सुटे, भुकटीसारखे नसतात. ते दोन मेणचट पिशव्यांत भरलेले असतात आणि त्या पिशव्या एका काळ्या चिमट्याने जोडलेल्या असतात. भुंग्याचा पाय खांबावरच्या फटीत अडकतो, तो हिसका देऊन पाय सोडवतो तेव्हा चिमटा पायाला चिकटून निघतो, आणि पुढच्या फुलात पोचतो. टाचणीने हलकेच उचलून बघा, दोन पिवळ्या पिशव्या लोंबताना दिसतात. रुईच्या दोन जाती आपल्याकडे आहेत. एकीच्या पाकळ्या पसरलेल्या, मागे वळलेल्या. दुसरीच्या उभ्या, टोकाला जांभळ्या. तेवढ्यावर त्या वेगळ्या करता येतात.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण अंजनेरी. मारुतीचं जन्मस्थान म्हणून लोक ज्या डोंगराला मानतात, तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. नावच डोंगरावरून पडलेलं. कंदीलपुष्प बघितलं तर रुईशी त्याचा काही संबंध असेल असं स्वप्नातही वाटणार नाही. रुई माणसाच्या छातीएवढी, हे पावसाळी गवतातलं नाजूक रोप. फुलाची लांब नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. बारीक माश्या आत शिरतात, नळीतल्या खाली झुकलेल्या केसांमुळे काही काळ अडकतात आणि केस मलूल पडले की सुटतात. पण नळीच्या बुडाशी, अगदी जवळून बघितलं, की तोच पाच कोनांचा खांब, त्याच परागपिशव्या. घराणं एकच. बाहेरून एवढी वेगळी दिसणारी दोन झाडं चुलत भावंडं आहेत हे मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी विसरले असते. त्या खांबाचे दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा ते कायमचं पटलं.

एक विनंती इथेच करते. अंजनेरी आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे काहीही तोडू नका, मुळाशी उकरू नका, गवत तुडवत फोटोसाठी आडवे पडू नका, आणि अशा दुर्मीळ रोपाच्या फोटोसोबत नेमकी जागा कुणालाही पाठवू नका. खेळासाठी आपल्या कुंड्या, शेताचा बांध, गल्लीतला वड पुरेसे आहेत. पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यानात गेलात तर फक्त बघा आणि फोटो घ्या.

पान उजेडाकडे धरून काढलेला फोटोही खूप बोलतो. लिंबू, बेल, कढीपत्ता यांचं पान उन्हासमोर धरलं तर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. ते तेलाचे, वास त्यांचाच. पेरू आणि जांभळाच्या पानातही असे ठिपके असतात. फरक पुन्हा जोडणीत: पेरू-जांभळाची पानं समोरासमोर, लिंबू-बेल-कढीपत्त्याची एकाआड एक. लिंबाच्या देठाला शिवाय छोटे पंख असतात आणि पान-देठ यांच्यामध्ये एक सांधा.

ही नजर आपल्या घरांत होती, हेही सांगायला हवं. गणपतीची पत्री गोळा करताना आई आघाडा, माका, डोरली, शमी असं एकेक पान उलटून बघायची, चुरडून वास घ्यायची आणि मगच टोपलीत टाकायची. आता पत्रीची जुडी आयती मिळते आणि तिच्यात काय काय आहे हे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खेळायचं असेल तर एका झाडाचे तीन फोटो काढा. पहिला अगदी जवळचा, दुसरा बेचक्याचा, तिसरा पानाच्या मागच्या बाजूचा. पहिल्यावर ओळखलं तर तीन गुण, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एक. सकाळी वारा नसतो तेव्हा फोटो चांगले येतात. डहाळीमागे कोरा कागद धरला की फोन भलतीकडे फोकस करत नाही. उत्तर सांगणाऱ्याने कारणही सांगायचं. नुसतं "मला वाटलं" याला आम्ही गुण देत नाही.

फोनमधली ओळख सांगणारी ॲप मीही वापरते. ती तुमचा फोटो आधीच नावं लावलेल्या ढीगभर फोटोंशी ताडून बघतात. लोक फुलांचे फोटो भरपूर काढतात, बेचक्याचे कमी, त्यामुळे फुलावर ॲप चांगलं चालतं आणि डहाळीवर अडखळतं. त्याने दिलेलं नाव घ्या आणि मग पेर, डोळा, फूल यांच्याशी ते जुळतं का ते स्वतः तपासा. फोटोवरून ओळखलेलं कुठलंही झाड मात्र तोंडात घालू नका, औषध म्हणून तर मुळीच नाही. कळलावी, कण्हेर, धोत्रा, गुंज ही सगळी आपल्या आसपासची आणि सगळी विषारी. इथे अंदाज चालत नाही.

या रविवारी भाचीने आणलेला फोटो असा होता. एक बारीक डहाळी, शेजारी काडेपेटीतली काडी. पानं एकाआड एक. प्रत्येक पेराला वळं, अंगठीसारखं. सगळे एकदम ओरडले, "वड!" तिने दुसरा फोटो दाखवला: पान खुडलेलं, देठाच्या जागी जखम, आणि दुधाचा थेंबसुद्धा नाही. तिसऱ्यात शेंड्यावरची टोपी, तिच्यावर मऊ, पिवळसर लव. मामा बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. भाची म्हणाली, फूल दाखवलं असतं तर फूलबाजारातल्या कुणीही डोळे मिटून सांगितलं असतं.